रॅमची पत्रिका जुळवितांना

भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत गुरुवारीं सामसूम असते. लेथ बंद, ग्राइंडर बंद. चहाच्या टपरीवर देखील गर्दी नाहीं. आमच्या घरीं मात्र त्याच दिवशीं कामाची घाई उडते. आमचा पुतण्या तेथील एका कारखानदारासाठीं फिक्श्चरचीं डिझाइनें करितो, आणि शुक्रवारीं सकाळीं यंत्रें पुन्हां फिरूं लागण्यापूर्वीं त्याचें ड्रॉइंग तेथें पोंचावें लागतें. चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांस सुटे भाग व हत्यारें पुरविणारे लहान कारखाने भोसरी, चिंचवड, तळवडे या बाजूस जागोजाग आहेत, आणि त्यांचीं ड्रॉइंगें काढणारीं तरुण मंडळी पुष्कळदां घरच्याच खोलींत, घरींच जुळविलेल्या संगणकापुढें बसून काम करितात.

२०२५ च्या मे महिन्यांतील अशाच एका गुरुवारीं रात्रीं त्या संगणकानें ऐन वेळीं दगा दिला. ड्रॉइंग उघडलें, पण त्यांतील दोन भाग नाहींसे झालेले! पुन्हां उघडूं जातांच पडदा निळा होऊन यंत्र बंद पडलें. चारच दिवसांपूर्वीं त्यांत नवी रॅम घातली होती. रॅम वाढली कीं संगणकाचें बळ वाढतें, मग तो आजारी कसा पडला, असा प्रश्न घरांतील प्रत्येकानें आपापल्या परी विचारला. पुतण्यानें नव्या पट्ट्या काढून ठेवल्या, बुधवारची नक्कल उघडली आणि पहाटे तीनपर्यंत बसून काम पुरें केलें. पुढें त्या बिघाडाचा शोध घेतांना जें आम्हांस कळलें, तें वाचकांच्या उपयोगी पडावें म्हणून येथें देत आहों.

संगणकांत सांठवण दोन प्रकारची असते. एक कोठीच्या खोलीसारखी. तिला हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणतात. वीज गेली तरी तेथील माल जागच्या जागीं राहतो. दुसरी स्वयंपाकाच्या ओट्यासारखी. ज्या जिनसांवर या घटकेस हात चालवावयाचा, तेवढ्याच तेथें काढून ठेवावयाच्या. ही रॅम. ओटा अपुरा पडला म्हणजे गृहिणीस दर मिनिटाला कोठींत खेपा घालाव्या लागतात. रॅम अपुरी पडली म्हणजे संगणकही तशाच खेपा घालतो, आणि आपण म्हणतों कीं तो मंद झाला. वीज जातांच या ओट्यावरचें सारें पुसलें जातें, एवढा मात्र भेद आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ नांवाचा संगणक चालूं झाला. आपल्या देशांत बांधलेल्या अगदीं पहिल्या संगणकांपैकीं तो एक. त्याच्या स्मृतींत २,०४८ शब्द मावत, आणि दर शब्द ४० बिटांचा असे. फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओंवून ती बनविलेली होती. एका कडींत एक बिट. आजच्या मापानें ती सारी स्मृति १० केबी भरते. आज १६ जीबीची जी पट्टी मिळते ती वीतभरही लांब नाहीं, आणि तिच्यांत टिफ्रॅकच्या सोळा लाख पटींहून अधिक सांठा राहतो. एवढी दाटी शक्य झाली ती आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांच्या एका युक्तीनें; तिचें पेटंट त्यांस १९६८ सालीं मिळालें. एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर मिळून एक बिट, इतकी ती सुटसुटीत आहे. पण हा कपॅसिटर गळक्या घागरीसारखा असतो. भरलेला विद्युद्भार हळूहळू झिरपून जातो, म्हणून डीडीआर४ जातीच्या पट्टींतील प्रत्येक घर साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत पुन्हां भरून घ्यावें लागतें. घागर केव्हां भरावयाची, केव्हां वाचावयाची, केव्हां पालटावयाची, या सर्वांचे हुकूम प्रोसेसरच्या पोटांतील नियंत्रकाकडून सुटतात व बोर्डावरील तारांतून पट्टीपर्यंत पोंचतात. हे तिघे एका तालावर नसले म्हणजे आमच्या घरीं झालें तें होतें.

या पट्ट्यांच्या जाती आहेत. डीडीआर३ चें मानक २००७ सालचें, डीडीआर४ चा माल २०१४ पासूनचा, आणि डीडीआर५ चें मानक २०२० सालचें. एक जात दुसरीच्या जागीं चालत नाहीं. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर४ ला १.२, तर डीडीआर५ ला १.१. डीडीआर३ च्या पट्टीच्या कडेला २४० पिना असतात. पुढील दोहोंना २८८. संख्या सारखी दिसली तरी डीडीआर४ व डीडीआर५ यांची मधली खांच निरनिराळ्या ठिकाणीं आहे, आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली आहे.

आमचे थोरले बंधु अण्णा यांचा जन्म पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्यें गेला. २०२३ सालीं हा संगणक जुळविण्याचें ठरलें, तेव्हां त्यांनीं घरांतल्या जुन्या यंत्राकडे बोट दाखविलें. “त्यांतली रॅम चांगली चालते आहे ना? मग तीच काढून नव्यांत घाला. नवी घेण्याचा खर्च कशाला?” चिरंजीवांनीं जुनी पट्टी व नवा बोर्ड त्यांच्या हातांत दिला. अण्णांनीं दोन्ही उजेडांत धरून पाहिलीं आणि म्हणाले, “हें तर नो-गो गेज झालें!” ज्या वाचकांस कारखान्याची भाषा परिचित नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयाचें तें इतकेंच, कीं कामाचें माप बरोबर असेल तर गेजची एक बाजू त्यांत जावी व दुसरी जाऊं नये, असा तो मापक असतो. खांच हें तसलेंच गेज. ती अडली तर जोर करूं नये. पट्टी चुकीची आहे किंवा उलटी धरलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. लॅपटॉपची पट्टी तर लांबीनें जवळजवळ निम्मीच असते, ती घरच्या टेबलावरील संगणकांत बसत नाहीं हें उघडच आहे.

मात्र बसली म्हणजे चालेलच, असेंही नाहीं. मोठ्या सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ जातीची डीडीआर४ रॅम जुन्या बाजारांत कधीं कधीं फार स्वस्त मिळते. तिची खांच साध्या डीडीआर४ प्रमाणेंच असल्यानें ती घरच्या बोर्डावर सुरेख बसते, आणि मग संगणक चालूंच होत नाहीं. स्वस्ताईच्या आनंदांत विकत घेतलेली अशी पट्टी आम्ही एका स्नेह्यांच्या शोकेसमध्यें पाहिली आहे. साध्या संगणकास लागते ती ‘अनबफर्ड’ रॅम. खोक्यावर ‘यूडीआयएमएम’ हीं अक्षरें असलीं म्हणजे झालें.

तेव्हां खरेदीचा क्रम उलटा नसावा. प्रथम प्रोसेसर, मग त्याला चालणारा बोर्ड, आणि त्या दोघांस विचारून रॅम. एएमडीच्या एएम४ बैठकीच्या बोर्डांस डीडीआर४ च लागते, एएम५ ला डीडीआर५ च. येथें संशयाला जागा नाहीं. इंटेलच्या १२ व्या, १३ व्या व १४ व्या पिढीच्या प्रोसेसरांनीं मात्र गिऱ्हाइकांस पुष्कळ चकविलें आहे. कारण प्रोसेसरास दोन्ही जाती चालतात, पण बोर्ड बहुधा एकाच जातीचा असतो. दोन बोर्डांचीं नांवें एखाद्या अक्षराच्या फरकानें सारखींच, खोकीं सारख्याच रंगाचीं, आणि आंत एकाला डीडीआर४ तर दुसऱ्याला डीडीआर५. बोर्डाचें पूर्ण नांव कागदावर उतरून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. बोर्ड करणारे उत्पादक आपल्या प्रत्येक बोर्डासाठीं तपासून पाहिलेल्या रॅमची यादीही प्रसिद्ध करितात. तींत नसलेली पट्टी चालत नाहीं असें नव्हे. पण असलेली चालते, एवढी तरी ग्वाही मिळते.

किती घ्यावी, हा प्रश्न आमच्या अनुभवानें तितकासा कठीण नाहीं. जमाखर्च, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास, आजीचीं कीर्तनें व नातवंडांचे चित्रपट एवढ्यासाठीं १६ जीबी पुरे. ८ जीबींत भागतें, पण कुरकुर होते. यंत्रभागांचीं ड्रॉइंगें करणाऱ्या सॉलिडवर्क्ससारख्या प्रोग्रॅमचे कर्ते १६ जीबी वा अधिक घ्या म्हणून सांगतात. मोठी जोडणी पडद्यावर फिरवावयाची तर आम्ही ३२ म्हणूं. आणि ती एका पट्टींत न घेतां दोन सारख्या पट्ट्यांत घ्यावी. प्रोसेसरपासून रॅमकडे दोन वाटा जातात. एकच पट्टी बसविली तर एक वाट ओस पडते. ज्या संगणकांत वेगळें ग्राफिक्स कार्ड नसतें, त्यांत चित्रांचें कामही याच रॅममधून चालतें, म्हणून तेथें हा फरक डोळ्यांना दिसतो. चार स्लॉट असलेल्या बोर्डावर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटांत घालावयाच्या असतात. शेजारीं शेजारीं बसविल्या तर संगणक चालतो, पण दोन्ही पट्ट्या एकाच वाटेवर येतात. ही चूक आम्ही तीन घरांत तरी दुरुस्त केली आहे!

आतां वेगाकडे वळूं. खोक्यावरचा मोठा आंकडा वेगाचा असतो व दुकानांत सर्वांत अधिक बोलबाला त्याचाच होतो. ‘डीडीआर४-३२००’ याचा अर्थ सेकंदास ३,२०० दशलक्ष देवघेवी. प्रत्येक खेपेस आठ बाइट जातात, म्हणून काहीं पट्ट्यांवर २५,६०० हा आंकडा छापतात, माल तोच. घड्याळाच्या एका ठोक्यास दोन देवघेवी होत असल्यानें खुद्द घड्याळ १,६०० मेगाहर्ट्झचेंच असतें. सीपीयू-झी नांवाच्या प्रोग्रॅममध्यें हा १,६०० आंकडा पाहून आमच्या व्याह्यांनीं दुकानदारावर फसवणुकीचा आळ घेतला होता. बिचारा दुकानदार निर्दोष होता. त्याची समजूत घालण्यास मात्र आम्हांसच जावें लागलें.

वेगाजवळच ‘सीएल’ या अक्षरांपुढें दुसरा एक आंकडा असतो. हुकूम सुटल्यापासून पहिला माल हातीं येईपर्यंत घड्याळाचे किती ठोके पडतात, तें तो सांगतो. केवळ तो आंकडा लहान आहे म्हणून भुलूं नये. त्याला २,००० नीं गुणून वेगाच्या आंकड्यानें भागिलें म्हणजे नॅनोसेकंद मिळतात. ३२०० ची सीएल १६ पट्टी घ्या, उत्तर १०. ६००० ची सीएल ३० घ्या. उत्तर पुन्हां १०. म्हणजे वाट पाहणें दोहोंत सारखेंच, पण एकदां माल येऊं लागला कीं दुसरीचा ओघ जवळजवळ दुप्पट. उलट ४८०० ची सीएल ४० पट्टी सोळा नॅनोसेकंदांहून अधिक वाट पाहावयास लावते. पांचवी-सहावीच्या मुलास हा हिशेब करावयास लावावा. त्याचें गणित व आपली खरेदी दोन्ही पारखलीं जातात.

खोक्यावरील मोठा वेग आपोआप मिळत नाहीं, ही गोष्ट दुकानांत क्वचितच सांगतात. पट्टी प्रथम मानकांतल्या साध्या वेगानेंच चालूं होते. वरचा वेग हवा तर बोर्डाच्या सेटिंगमध्यें जाऊन एक नोंद चालू करावी लागते. इंटेलच्या बाजूस तिला एक्सएमपी म्हणतात, एएमडीच्या नव्या बोर्डांवर एक्स्पो. ही नोंद म्हणजे उत्पादकानें दिलेला शब्द होय, पण तो त्या खोक्यांतल्या जोडीपुरताच. आणि येथेंच आमच्या गुरुवारच्या दुखण्याचें मूळ होतें.

पुतण्याचा प्रोसेसर एएमडीच्या ७००० मालिकेंतला. त्यांत २०२३ पासून १६ जीबीच्या दोन पट्ट्या ६००० च्या वेगानें बिनतक्रार चालत होत्या. काम वाढलें तसे ३२ जीबी अपुरे पडूं लागले, म्हणून त्यानें आणखी दोन आणल्या : तीच कंपनी, तोच क्रमांक, तोच वेग. “तीच रॅम आहे, लावली कीं चालणार,” असें दुकानांतून आश्वासनही मिळालें. परंतु क्रमांक तोच राखून उत्पादक आंतील चिपा कालांतरानें बदलतात, हें गिऱ्हाइकाला खोक्यावरून कळत नाहीं. त्याहून मोठी अडचण प्रोसेसरची. दोन पट्ट्यांशीं बोलतांना हा नियंत्रक ५२०० च्या वेगाची हमी देतो. चार पट्ट्या झाल्या कीं त्याच नियंत्रकाची अधिकृत हमी ३६०० वर उतरते. एकाच तारेवर दुप्पट ओझें पडलें म्हणजे संकेत अस्पष्ट होतात. आमच्या बोर्डास मात्र ६००० च्या नोंदीचाच हुकूम दिलेला होता, आणि तो चारही पट्ट्यांना त्याच वेगानें पळवूं पाहत होता. संगणक चालूं होई, दोन-दोन तास चालेही. पण लक्षावधि बिटांत एखादें उलटें वाचलें जाई. पडदा निळा झाला तर निदान कळतें तरी. उलटें वाचलेलें बिट ड्रॉइंगच्या मापांत शिरून तसेंच भोसरीला गेलें असतें, आणि त्या मापाचें पोलाद कापलें गेलें असतें, तर त्याची भरपाई कोणी व कशी केली असती, या विचारानें अण्णांना त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

शनिवारीं पुतण्यानें परीक्षा घेतली. ‘मेमटेस्ट ८६ प्लस’ हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरून चालूं करावयाचा, म्हणजे तो रॅमच्या प्रत्येक घरांत लिहून पुन्हां वाचून पाहतो. चार पट्ट्या व ६००० चा वेग : वीस मिनिटांत लाल ओळी. जुनी जोडी एकटी : रात्रभर एकही चूक नाहीं. नवी जोडी एकटी : तिच्यांतही नाहीं. चारही पट्ट्या, पण ३६०० वर : पुन्हां निर्मळ. म्हणजे पट्ट्या चारही निर्दोष होत्या. एकत्र कुटुंबांत त्यांचें त्या वेगाला जुळत नव्हतें, इतकेंच. विवाह ठरवितांना आपण सगोत्र टाळतों; रॅमच्या पट्ट्या मात्र सगोत्र, सपिंड व एकाच खोक्यांतून जन्मलेल्या असाव्यात, असें आमच्या वहिनी त्यावर म्हणाल्या. जितकी लागणार तितकी प्रथमच दोन पट्ट्यांच्या एका संचांत घ्यावी, आणि पुढें वाढवावयाची झाल्यास जुन्या देऊन नवा मोठा संच आणावा, हाच त्यांतला व्यवहार. पुतण्याला ६४ जीबी हवे असतील तर ३२ च्या दोन घेणें बरें.

बसवितांनाचीं दोन पथ्यें येथेंच सांगतों. यंत्राची वीज तोडून, हात लावण्यापूर्वीं कॅबिनेटच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेंत अंगावर सांचलेला विद्युद्भार चिपेला मारक ठरतो. आणि डीडीआर५ चा संगणक प्रथम चालूं करितांना पडदा कित्येक मिनिटें काळाच राहिला तर घाबरून बटण दाबूं नये. नियंत्रक त्या वेळीं पट्ट्यांची नाडी पाहत असतो. याशिवाय प्रोसेसरवर हवेनें थंड करणारा मोठा कूलर असेल, तर उंच तुऱ्यांच्या व रंगीत दिव्यांच्या पट्ट्या त्याच्याखालीं शिरत नाहींत. दिव्यांनीं वेग वाढत नाहीं, किंमत तेवढी वाढते.

खरेदी कोठें करावी, यावर घरोघर मतभेद आहेत. आमच्या भागांतले कित्येक जण आतां पिंपरीहून मेट्रोनें मंडईस उतरून तपकीर गल्लीची वाट धरितात, कित्येक घरबसल्या मागवितात. कोठूनही घ्या, पक्कें बिल, पट्टीवरचा अनुक्रमांक आणि न जुळल्यास बदलून मिळण्याची मुदत या तीन गोष्टी आधीं विचाराव्या. आम्ही त्या विचारल्या नाहींत. नव्या पट्ट्या परत घेण्यास दुकानांतून नकार मिळाला, “माल चांगला आहे, तुमच्या यंत्रांत चालत नाहीं त्याला आम्ही काय करणार?” असें उत्तर आलें, आणि खरें सांगावयाचें तर तें चूक नव्हतें. पट्ट्या वहिनींच्या कपाटांत गेल्या.

त्यानंतर वर्षाच्या अखेरीस चमत्कार झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडून रॅमला इतकी मागणी आली कीं या चिपा करणाऱ्या मुख्य कंपन्या, सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन, आपला माल तिकडे वळवूं लागल्या, आणि बाजारांतील कित्येक पट्ट्यांचे भाव थोड्याच महिन्यांत दुपटीवर गेले. डिसेंबर २०२५ मध्यें तर मायक्रॉननें घरगुती गिऱ्हाइकांसाठीं चालविलेला आपला ‘क्रुशल’ हा व्यवसाय आवरता घेत असल्याचें जाहीर केलें. ज्या दुकानांतून नकार मिळाला होता, तेथूनच एके दिवशीं पुतण्यास फोन आला : त्या दोन पट्ट्या अजून आहेत काय, चांगला भाव देऊं.

पण तोंवर घरांत दुसरा प्रश्न उभा होता. अण्णांचा तो जुना डीडीआर३ चा संगणक पुतणी वापरीत असे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ त्या यंत्रावर चढेना. नवा संगणक घेणें आलें, व त्यांतील सर्वांत महाग झालेली वस्तु कपाटांत तयार पडलेली. तेव्हां आम्ही वर सांगितलेला सारा क्रम मोडून रॅमपासूनच आरंभ केला. दोन पट्ट्या टेबलावर ठेवून, त्यांच्यावरील अक्षरें वाचून, त्यांना साजेसा बोर्ड व त्या बोर्डाला साजेसा प्रोसेसर शोधण्यास पुतण्या, पुतणी व अण्णा तिघेही बसले. जानेवारींतल्या एका गुरुवारीं तो संगणक जुळला. पडदा पहिलीं चार मिनिटें काळाच होता. अण्णांनीं कोणालाही बटणाला हात लावूं दिला नाहीं.